कर्नेल आणि प्रोसेसर

ग्रँटरोड स्टेशनाबाहेर पडून लॅमिंग्टन रोडला लागलें कीं संगणकाचीं दुकानें सुरू होतात. गिरगांव-परळांतल्या कित्येक घरांनीं आपला संगणक येथेंच सुटे भाग जुळवून घेतलेला असतो. अशा यंत्राच्या वेष्टनावर काय लिहिलें आहे यापेक्षां आंत काय बसविलें आहे, हें पाहणें अगत्याचें. आणि लिनक्सचें कर्नेल स्वतः कंपाइल करूं पाहणाऱ्यास तर तें टाळतांच येत नाहीं.

कर्नेल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तें कंपाइल करणें म्हणजे माणसानें लिहिलेल्या मजकुराचें प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांत रूपांतर करणें. त्या वेळीं प्रोसेसर कोणत्या घराण्याचा धरावा, हें ठरवावें लागतें. नव्या घराण्यास जुन्याच्या बहुतेक सर्व आज्ञा कळतात. जुन्यास नव्या कळत नाहींत. म्हणून निवड प्रत्यक्षापेक्षां जुनी केली तर वेग किंचित् घटेल. नवी केली तर यंत्र कदाचित् सुरूच होणार नाहीं.

नांवावर मात्र विसंबूं नये. १९९७ सालीं ए.एम.डी. कंपनीचा के-६ हा प्रोसेसर निघाला. नांवांत सहा, तेव्हां तो ६८६ घराण्यांतला, असें कोणासहि वाटावें. परंतु १९९५ च्या पेंटियम प्रोबरोबर आलेली 'सीमूव्ह' ही आज्ञा, म्हणजे अट पुरी झाली तरच मूल्य हलविण्याची, त्यास ठाऊक नव्हती. ६८६ करितां कंपाइल केलेलें कर्नेल त्यावर आरंभींच थांबे. याच्या उलट गोष्ट ६४ बिटांची. तो विस्तार ए.एम.डी.नें २००३ सालीं बाजारांत आणला, मागाहून इंटेलनेंहि स्वीकारला. म्हणून डेबियनमध्यें त्याचें नांव 'एएमडी-६४' असें आहे. 'आमचें यंत्र तर इंटेलचें!' म्हणून बिचकणारांनीं खुशाल तेंच घ्यावें.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नेहमींचा आधार संपला, आणि विंडोज ११ जुन्या प्रोसेसरांस घेत नाहीं. चांगलीं चालतीं यंत्रें त्यामुळें भंगारांत जाण्याची भीति आहे. लिनक्स घातलें तर शाळा-वाचनालयांस तींच पुष्कळ दिवस पुरतील. बहुतेकांस त्यासाठीं कंपाइल करण्याची गरजहि नाहीं. तयार मिळणारें सर्वसाधारण कर्नेल पुरेसें असतें, आणि स्वतः बांधून मिळणारा वेग माझ्या मतें त्या खटाटोपाच्या मानानें थोडाच. तरीहि ज्यांस बांधावयाचें असेल त्यांनीं एक लक्षांत घ्यावें. २०२५ सालच्या लिनक्स ६.१६ पासून, ज्या यंत्रावर कंपाइल होतें त्याचाच प्रोसेसर गृहीत धरण्याची सोय मूळ कर्नेलांत आली आहे. एकट्या यंत्रापुरती ती ठीक. पण दादरच्या नव्या यंत्रावर बांधून लालबागच्या शाळेंतल्या जुन्या यंत्रांवर घालावयाचें असेल, तर ती बंदच ठेवावी. वर्गांत आम्ही शेवटच्या बाकास ऐकूं जाईल अशा आवाजांत शिकवीत असूं. कर्नेलहि सर्वांत जुन्या यंत्रास समजेल असें बांधावें.

प्रोसेसर ओळखण्यास 'एलएससीपीयू' ही आज्ञा पुरे. आणि नवें कर्नेल चढवितांना जुनें पुसूं नये. यंत्र सुरू होतांना दिसणाऱ्या यादींत तें राहूं द्यावें, म्हणजे नवें अडलेंच तर मागच्यावरून यंत्र उघडतां येतें.