‘हरित’ हे विशेषण कोणाचे?

(शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आयुष्यभर मी मराठीचे व्याकरण शिकवले. रसायनशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही यंदाच्या एका प्रकल्पामुळे मला विशेषणाचा धडा पुन्हा घ्यावासा वाटतो. दहावीच्या विद्यार्थ्यांनी कडुनिंबाच्या पानांच्या साहाय्याने झिंक ऑक्साइडचे नॅनोकण बनवण्याची कृती तक्त्यावर मांडली आहे. तळाशी ठळक अक्षरांत ओळ होती : ‘हरित औषध, म्हणून दुष्परिणाम नाहीत.’

कृती मोठी वेधक आहे. पाने धुऊन उकळायची, काढा गाळायचा, तो झिंक नायट्रेटच्या द्रावणात मिसळून ढवळत तापवायचा. पानांतील पॉलिफेनॉलसारखी द्रव्ये जस्ताच्या आयनांना धरून ठेवतात आणि कणांना एकमेकांस चिकटू देत नाहीत. मग त्या लगद्याचे सुमारे ४०० अंश सेल्सिअसला निस्तापन केले, की पांढरी भुकटी उरते. तिचा कण १०० नॅनोमीटरहूनही लहान असू शकतो. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्याच काढ्यातून सोन्याचांदीचे नॅनोकण घडवले. ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता व्याकरण. ‘हरित संश्लेषण’ यातील ‘हरित’ हे विशेषण संश्लेषणाचे आहे, कणांचे नव्हे. कण घडवताना काही घातक रसायने टळली, एवढेच ते सांगते. भट्टीत तर कडुनिंबाचा बहुतेक अंश जळून जातो. हाती उरते ते झिंक ऑक्साइड. हेच द्रव्य कॅलामाइनच्या गुलाबी लोशनमध्ये अंगाची खाज शमवते. आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे वेल्डिंग करताना त्याचाच धूर छातीत गेला, तर काही तासांनी कामगाराला हुडहुडी भरून ताप येतो. जिवाणूंवर हे कण चालतात ते जस्ताचे आयन सोडून आणि ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे निर्माण करून. मात्रा वाढली, की त्याच माऱ्यातून आपल्या पेशीही सुटत नाहीत. म्हणून ती ओळ मी खोडायला लावली.

पालकहो, मुलांचा हिरमोड करावा हा हेतू नाही. परंतु मधुमेही माणसाची पायाची जखम चिघळत असताना ‘झाडपाल्याचे आहे, अपाय कसला?’ असे म्हणत डॉक्टरांकडे जाण्याचे लांबवणारी माणसे आपणा सर्वांच्या ओळखीत आहेत. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीतून विज्ञान शिकवण्याचा हट्ट आपण धरला आहे. मग मराठी शब्दही आपण काटेकोरपणेच वापरायला हवेत.

आणखी एक अडचण मुलांनीच शोधून काढली, याचे मला अधिक कौतुक वाटते. औषधासाठी प्रत्येक खेपेस कणाचा आकार तोच हवा. पानांतील द्रव्ये मात्र ऋतूनुसार, जमिनीनुसार बदलतात. श्रावणातला काढा वैशाखातल्यासारखा कसा असेल? तेव्हा आवारातील दोन्ही कडुनिंबांची पाने दर महिन्याला तोडून, वाळवून, तारीख घालून बाटल्यांत भरण्याचे काम आठवीच्या वर्गाने मागून घेतले आहे. प्रयोगशाळेतली खालची फळी त्यांच्यासाठी रिकामी केली आहे.