शाळेतील अभ्यास आणि विद्यापीठातील अभ्यास

(वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



बारावीच्या परीक्षेत सुयश मिळविलेल्या आपल्या मुलामुलींचे मनःपूर्वक अभिनंदन. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. विद्यापीठाविषयी बोलण्याचा माझा अधिकार तो केवढा? परंतु शाळेत हुशार म्हणून गाजलेली मुले कॉलेजच्या पहिल्याच सत्रात नापास होऊन हिरमुसलेली मी पाहिली आहेत. काहींनी तर शिक्षणच सोडले. ती बुद्धीने उणी नव्हती. शाळेत उपयोगी पडलेली रीत पुढे अपुरी पडते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

शाळेत अभ्यासाचे माप शिक्षक घालून देतो. विद्यापीठात ते माप विद्यार्थ्याच्या हाती येते. सन २०२३ च्या राष्ट्रीय आराखड्याप्रमाणे एक श्रेयांक, म्हणजे मुले ज्याला क्रेडिट म्हणतात तो, ३० तासांच्या अध्ययनाचा असतो. व्याख्यानाच्या विषयात त्यांपैकी वर्गातील तास साधारणतः १५. अर्थात वर्गात बसून आल्याने अभ्यास निम्माच होतो; उरलेला निम्मा आपला आपण करावयाचा असतो.

तो कसा करावा? प्रथम, सत्राच्या आरंभीच अभ्यासक्रम व जुन्या प्रश्नपत्रिका मिळवाव्या आणि ग्रंथालयातील संदर्भग्रंथ पाहून ठेवावे. दुसरे, व्याख्यान ऐकताना वहीच्या डाव्या बाजूस रुंद समास सोडावा व त्याच दिवशी तेथे प्रश्न लिहावे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर पॉक यांनी ही पद्धत रूढ केली. मग उजवी बाजू झाकून उत्तरे आठवावी.

या आठवण्याचे महत्त्व मोठे आहे. सन २००६ मध्ये रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा एकदा वाचून, न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचलेला उतारा अधिक आठवला. आठवड्यानंतर मात्र त्याचा ४२ टक्के भाग आठवला, तर आठवून लिहिलेल्याचा ५६ टक्के. केवळ घोकंपट्टीवर विसंबू नये, ते यासाठी.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीचे भय वाटते. त्यांनी विषय आधी मराठीतून समजून घ्यावा. सन १९७६ पासून खंडशः प्रसिद्ध झालेला मराठी विश्वकोश याकामी उत्तम साहाय्यक आहे. नंतर इंग्रजी संज्ञांची वेगळी वही करावी. प्राध्यापकांना शंका विचारण्यात कमीपणा मुळीच नाही.

आता दोन शब्द पालकांसाठी. कॉलेज दुपारी सुटले की मुलगा दुकानात आणि मुलगी स्वयंपाकघरात, असा आपल्या घरांचा रिवाज आहे. मुले रिकामी आहेत असे आपणांस वाटते. पण तो निम्मा अभ्यास याच वेळेत व्हावयाचा असतो. रोज दोन तास आणि घरातील एक शांत कोपरा त्यांना द्या. मुलीलाही तितकाच द्या. पहिल्या सत्रात गुण घसरले तर शिक्षण सोडविण्याची भाषा करू नका. नवी रीत अंगवळणी पडण्यास काळ लागतो.

विद्यार्थिमित्रहो, आजवर शिक्षकाने तुम्हांस अभ्यासाला बसविले. यापुढे तुम्ही स्वतःस बसवा.