शरीराची सफर आणि पोटातली ढवळाढवळ

माणसाच्या शरीरात शिरून यायचं असेल तर काय करावं लागेल? अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये, याचं उत्तर सतरा वर्षं अगदी सोपं होतं. रांगेत उभं राहायचं आणि खुर्चीवर बसून पट्टा बांधायचा!

तिथल्या एपकॉट या उद्यानात १९ ऑक्टोबर १९८९ रोजी ‘वंडर्स ऑफ लाइफ’ नावाचं एक दालन सुरू झालं. आरोग्य आणि शरीर हा त्याचा विषय. त्यातली सगळ्यात थरारक सफर म्हणजे ‘बॉडी वॉर्स’. एका वेळी चाळीस माणसं एका बंद यानात बसायची. हे यान आता सूक्ष्म होऊन शरीरात सोडलं जाणार, असं त्यांना सांगितलं जायचं. कातडीत रुतलेल्या कुसळाभोवती पांढऱ्या पेशी कशा धावून येतात, याचा अभ्यास करणारी एक शास्त्रज्ञ आत असते. ती रक्तप्रवाहात ओढली जाते आणि तिला सोडवायला यान हृदय, फुप्फुसं, मेंदू असं भटकत जातं. ‘स्टार ट्रेक’मधला स्पॉक, म्हणजे लेनर्ड निमॉय, या छोट्या चित्रपटाचा दिग्दर्शक होता. कल्पना मात्र नवी नव्हती. १९६६ सालच्या ‘फॅन्टॅस्टिक व्हॉयेज’ या चित्रपटातही अशीच पाणबुडी शरीरात शिरली होती.

खरी गंमत यंत्रात होती. वैमानिकांना शिकवण्यासाठी वापरतात त्या जातीचं हे यंत्र. तेलाच्या दाबानं हलणाऱ्या पायांवर खोली उभी असते. ती कुठंही जात नाही, नुसती कलते, झुकते, हादरते. पडद्यावर वेग वाढला की खोली हळूच मागं कलते. आपली पाठ खुर्चीत रुतते आणि मेंदू म्हणतो, ‘सुटलो आपण!’ कारण आपल्या आतल्या कानाला मागं कलणं आणि पुढं झेपावणं यांतला फरक एकट्यानं कळत नाही. तो डोळ्यांची साक्ष काढतो.

पण साक्षीदारांचं दरवेळी जमतंच असं नाही. डोळे सांगतात, आपण रक्तवाहिनीतून गरगरत चाललोय. कान सांगतो, छे, जरासं हललोय इतकंच. या भांडणात अनेकांना मळमळायचं, आणि या सफरीची ख्याती बरीचशी त्यावरूनच झाली.

आपल्याकडं यालाच ‘गाडी लागणं’ म्हणतात. एस.टी.त बसून पुस्तकात डोकं घातलं आणि घाट सुरू झाला, की हेच घडतं. डोळ्यांपुढची अक्षरं स्थिर, पण कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव प्रत्येक वळण टिपत असतो. मग उलटी कशासाठी? १९७७ साली ट्रीझमन या संशोधकानं एक तर्क मांडला. इंद्रियांची अशी विसंगती पूर्वी विषबाधेत होत असावी, म्हणून शरीर पोटातलं विष बाहेर टाकायला बघतं. तर्कच आहे तो, पण विचार करण्याजोगा.

मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. ज्यांच्या दोन्ही कानांतली तोल सांभाळणारी यंत्रणा पूर्ण निकामी झालेली असते, त्यांना गाडी लागत नाही. म्हणजे मळमळणं हा मुळात कमकुवतपणा नव्हेच. ती शाबूत इंद्रियाची खूण आहे. घाटात उलटी करणाऱ्या मुलाला ‘एवढंही सोसत नाही?’ म्हणून हिणवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. त्याला खिडकीशी बसवावं, दूरवर बघायला सांगावं. डोळ्यांची आणि कानाची साक्ष जुळली की बराच आराम पडतो.

‘बॉडी वॉर्स’चं पुढं काय झालं? दालनाची प्रायोजक विमा कंपनी २००१ साली बाजूला झाली. २००४ पासून ते फक्त गर्दीच्या दिवसांत उघडू लागलं आणि १ जानेवारी २००७ रोजी बंद झालं. नंतर काही वर्षं त्याच घुमटाखाली खाद्यमहोत्सवाचे कार्यक्रम होत. जिथं लोकांना अन्न नकोसं व्हायचं तिथंच ही मेजवानी!

प्रवाशांना तिथं दाखवलं जात होतं पडद्यावरचं, कुणा दुसऱ्याचं हृदय. पण बाहेर पडताना ज्याच्या पोटात ढवळत होतं, त्याला आपलं स्वतःचं शरीर काम करताना भेटलं होतं. त्या दालनातला सगळ्यात खरा धडा तोच होता, असं मला वाटतं.