आपले मत मोजतात कसे? : न्यूझीलंडच्या सार्वमताची हकीकत
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेतील भाषण)



वर्धापन दिनी न्यूझीलंडची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल. पण विहार म्हटला की संघ आला आणि संघ म्हटला की मतदान आले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे नियम भिक्खुसंघाला ठाऊक होते. चुल्लवग्गात मत घेण्याची रीतच दिली आहे. मत म्हणजे शलाका, साधी काडी. गुप्त मतदान असेल तर काड्या वेगवेगळ्या रंगांच्या. त्या वाटणारा भिक्खू एकेकापाशी जाऊन सांगे, ही काडी या मताची, ही त्या मताची, तुम्हाला हवी ती घ्या. हे काम कुणालाही देत नसत. जो पक्षपात, द्वेष, मोह किंवा भय यांना बळी पडणार नाही, आणि कोणाचे मत घेतले, कोणाचे राहिले हे ज्याला समजते, अशालाच निवडीत.

असा माणूस न्यूझीलंडच्या मतदारांना १९९२ साली हवा होता. तिथे तोवर आपल्यासारखीच पद्धत होती. ज्याला जास्त मते तो निवडून आला, बाकीची मते वाया. १९७८ आणि १९८१ अशा दोन निवडणुकांत लेबर पक्षाला देशभर जास्त मते पडली, पण जागा नॅशनल पक्षाला जास्त मिळाल्या. १९८१ साली सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाला वीस टक्क्यांहून अधिक मते मिळूनही ९२ पैकी जागा आल्या फक्त दोन!

असे होतेच कसे? समजा, आपल्या वस्तीत तीन चाळी आहेत, प्रत्येकीत शंभर मतदार. प्रत्येक चाळीत पहिल्या गटाला ४०, दुसऱ्याला ३५ आणि तिसऱ्याला २५ मते. तिन्ही जागा पहिल्या गटाच्या! ३०० पैकी १८० माणसे त्याच्या विरोधात, आणि त्यांचा एकही प्रतिनिधी नाही. तीच मते एकत्र धरून प्रमाणात जागा वाटल्या, तर प्रत्येक गटाला एकेक जागा येते. माणसे तीच, मते तीच, फक्त मोजणी बदलली.

१९ सप्टेंबर १९९२ रोजी तिथल्या लोकांना दोन प्रश्न विचारले. पद्धत बदलायची का? आणि बदललीच तर चार पद्धतींपैकी कोणती? ज्याला बदल नको, त्यालाही दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत होते. आपल्या गोव्यात १९६७ साली जनमत कौल झाला तेव्हा फूल की दोन पाने एवढेच विचारायचे होते. विलीनीकरण व्हावे की नाही, हे घरातल्या आजीलाही कळत होते. मोजणीच्या चार रीती समजावणे तेवढे सोपे नाही. म्हणून तिथल्या सरकारने पक्षांपासून अलिप्त अशी समिती नेमली. तिचे काम एकच, प्रत्येक पर्याय सांगायचा, बाजू घ्यायची नाही. आम्हांला तर हे शलाका वाटण्याचेच काम वाटते.

कौल स्पष्ट आला, सुमारे ८५ टक्के लोकांना बदल हवा होता. त्यांनी निवडली ती मिश्र पद्धत. तीत मतदाराला दोन मते, एक आपल्या भागातल्या उमेदवाराला, एक पक्षाला. कोणत्या पक्षाच्या एकूण जागा किती, हे पक्षाच्या मतावर ठरते. पाच टक्के मते किंवा निदान एक मतदारसंघ जिंकावा लागतो.

६ नोव्हेंबर १९९३ ला अंतिम सार्वमत झाले. त्याआधी एका उद्योगपतीच्या पुढाकाराने बदलाविरुद्ध जाहिरातींचा मारा झाला. यादीतले सदस्य जनतेचे नव्हेत, पक्षाच्या पुढाऱ्यांचे असतील, असा त्यांचा मुद्दा. तो अगदीच खोटा नाही, यादी पक्षच करतो. लोकांचे मत डळमळले खरे. ८५ वरून सुमारे ५४ टक्क्यांवर आले, पण बदल झाला. १९९६ ला नव्या पद्धतीने पहिली निवडणूक झाली. २०११ साली पुन्हा विचारले, तेव्हा जवळपास ५८ टक्के लोकांनी तीच पद्धत ठेवली.

आता आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. तिथल्या मूळनिवासी माओरी लोकांना १८६७ पासून चार राखीव जागा होत्या, लोकसंख्या कितीही वाढली तरी चारच. बदल सुचवणाऱ्या आयोगाने १९८६ साली म्हटले, नव्या पद्धतीत या जागांची गरज नाही. माओरींनी ते मानले नाही. सार्वमताच्या कागदावर तर हा प्रश्न नव्हताच! त्यांनी तो बाहेर लढवला. १९९३ च्या कायद्याने जागा राहिल्या, आणि माओरी यादीत जितके मतदार नाव नोंदवतील त्यानुसार त्यांची संख्या ठरू लागली. चारच्या पाच झाल्या, २००२ पासून सात आहेत. या जागांवर मत देतात ते माओरी यादीतलेच मतदार.

हे ऐकून पुणे करार आठवल्याशिवाय राहात नाही. १९३२ च्या जातीय निवाड्यात आपल्या वाट्याला ७१ जागा होत्या आणि मतदारसंघ स्वतंत्र. करारात जागा १४८ झाल्या, पण निवडणारा मतदार संयुक्त झाला. आकडा दुपटीने वाढला, तरी बाबासाहेबांची तक्रार राहिली ती याच गोष्टीची. आपल्या घरांत अजून जागा किती एवढेच विचारतात, निवडतो कोण हे फारसे कुणी विचारीत नाही.

भोजनदानाला थोडा अवकाश आहे. मुलांनी मंडपात हरभरे, मूग आणि राजमा मांडून ठेवले आहेत. तीन चाळींचे मतदान दोन्ही रीतींनी मोजून बघा. आधी वडीलधाऱ्या माता-भगिनींना बसू द्या.

जयभीम, नमो बुद्धाय.