सील बदलण्याआधी



गॅरेजमालक, मशीनशॉपवाले आणि मेकॅनिक यांच्या या सभेत अध्यक्ष म्हणून आज मी एकाच दुखण्यावर बोलणार आहे. बोअरिंग-ग्राइंडिंग करून बांधलेलं इंजिन गाडीत चढतं आणि थोड्याच दिवसांत बेल हाउसिंगखाली तेल दिसू लागतं. आपण लगेच म्हणतो, 'क्रँकचं मागचं सील गेलं.' गिअरबॉक्स उतरतो, नवं सील बसतं आणि तेल पुन्हा हजर! मग मेकॅनिक मशीनशॉपकडे बोट दाखवतो, मशीनशॉपवाला सुट्या भागांच्या दुकानाकडे, आणि मजुरी कोणी सोसायची यावर वाद पेटतो.

पण दोष दर वेळी सीलचाच असतो असं नाही. तेल वरून खाली उतरतं आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल प्रेशर स्विच, ब्लॉकच्या मागचे प्लग, यांतलं काहीही गळलं तरी तेल जमतं ते बेल हाउसिंगपाशीच. म्हणून आधी इंजिन धुवा, तेलात डाय घाला, गाडी फिरवून आणा आणि यूव्ही दिव्याखाली वरून खाली पाहत या. तेलाचा वासही घ्या. गंधकाचा उग्र दर्प आला, तर ते गिअर ऑइल; संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या सीलवर.

मग ब्रीदर पाहा. नव्या रिंगा बोअरमध्ये नीट बसेपर्यंत ब्लो-बाय जास्त असतो. त्यात ब्रीदर तुंबलेला असेल, तर क्रँककेसमधला दाब चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर काढतो.

गिअरबॉक्स उतरवावा लागलाच, तर फडकं उचलण्याआधी डाग वाचा. फ्लायव्हीलच्या इंजिनकडच्या बाजूला तेल असेल, तर सील किंवा ब्लॉकच्या मागचे प्लग तपासा. क्लचच्या बाजूला, मध्यापासून बाहेर फेकलेलं असेल, तर फ्लायव्हीलचे बोल्ट पाहा. काही इंजिनांत त्यांची भोकं थेट क्रँककेसमध्ये उघडतात. आट्यांना सीलंट नसेल तर तेल तिथून झिरपतं.

सीलच गळत असेल, तरी 'का' हा प्रश्न उरतोच. जुन्या सीलने क्रँकवर खाच पाडली असेल, तर नवं सीलही त्याच खाचेत बसतं. तिथे पातळ स्लीव्ह चढवावी लागते. पॉलिशच्या तिरप्या रेषा उरल्या, तर फिरता क्रँक त्या रेषांवरून तेल बाहेर ढकलतो. मागच्या मेन बेअरिंगचा क्लिअरन्स जास्त असेल, तर क्रँकच्या हालचालीमागे सीलचा ओठ धावू शकत नाही. बसवण्याची रीतही सीलगणिक बदलते. रबरी ओठाला तेल लावायचं. पीटीएफई सील मात्र बहुधा कोरडंच बसवायचं असतं. शेवरलेच्या स्मॉल ब्लॉक इंजिनात १९८६ पासून एकसंध सील आलं. त्याआधीच्या दोन तुकड्यांच्या सीलचे सांधे बेअरिंग कॅपच्या सांध्यापासून थोडे सरकवून बसवावे लागतात.

यातली काही कारणं क्रँक मशीनशॉपमध्ये असतानाच मोजता येतात. म्हणून दोन ठराव मांडतो. पहिला, मशीनशॉपने क्रँकसोबत मापांचा कागद द्यावा: जर्नलची मापं, सीलच्या जागेचा व्यास आणि तिथली खाच; बेअरिंग क्लिअरन्स आणि एंड प्ले इंजिन बांधणाऱ्याने त्याच कागदावर भरावेत. दुसरा, डाय आणि ब्रीदरच्या तपासणीत काय दिसलं ते जॉबकार्डवर लिहिल्याशिवाय कोणीही गिअरबॉक्सच्या बोल्टला पाना लावू नये. चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा. पण हे ठराव आजच मतदानाला टाका, ही विनंती.