आठवीनंतर कुठे?

मी उर्दू शाळेत शिकवते. आमची शाळा आठवीपर्यंतच. मोफत शिक्षणाचा २००९चा कायदाही ६ ते १४ वयापुरताच. नेमकी तिथेच आमच्या अनेक मुलींची शाळा सुटते.

‘मुलींची गळती थांबवा’ म्हटलं की शिक्षक आधीच दमतात. तास, वह्या, वर निवडणुकीची ड्युटी. म्हणून आम्ही हे काम महिन्यांत वाटलं. डिसेंबरात फक्त आठवीतल्या मुलींची यादी. जानेवारीत प्रत्येकीला एकच प्रश्न: पुढे कुठे? फेब्रुवारीत जवळच्या हायस्कूलांचं माध्यम, अंतर आणि बसभाडं एका कागदावर. मार्चपासून दर शनिवारी एकच घर, अम्मी-अब्बांशी निवांत बोलणं. निकालाच्या दिवशी दाखला देतानाच प्रवेशाची तारीख ठरवायची. जूनमध्ये यादीवर खुणा: कोण पोहोचली, कोण राहिली.

प्रत्येक कामापुढे एकाच शिक्षकाचं नाव लिहा. ‘सगळे मिळून करू’ म्हटलेलं काम तसंच पडून राहतं.

तुमच्यापैकी जे कॉलेजात आहेत, त्यांनी आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेत जाऊन एक शनिवार मागून घ्यावा. अर्ज भरायला, बसने पहिल्या दिवशी सोबत जायला घरातलं शिकलेलं माणूस प्रत्येकीकडे नसतं. ते माणूस तुम्ही व्हा.