मोटारसायकलवरच्या बॅगा आणि आमची परिक्रमा



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याची माझी ही पहिलीच वेळ. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत झालेले. आजवर मंडळात मी आले ती कपबशा मांडायला आणि भिशीचा हिशेब ठेवायला. परंतु आम्ही दोघे मोटारसायकलवरून नर्मदा परिक्रमा करून आलो हे कळल्यापासून तुम्ही सगळ्या एकच विचारता, "अहो, एवढे सामान दोन चाकांवर नेले तरी कसे?" दर्शन कसे झाले, हे कोणी विचारत नाही! तेव्हा आज सामानाचेच सांगते.

नर्मदामैया १३१२ किलोमीटर लांब. पायी परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस लागतात असा जुना संकेत आहे. नदी सदा उजव्या हाताला ठेवायची आणि तिचे पात्र ओलांडायचे नाही. यजमानांना एवढी सुट्टी कोठून मिळणार? बसच्या यात्रेला दोघांचे पैसे काही केल्या साठेनात. घरात बुलेट होती. हे म्हणाले, "आपण गाडीवरच जाऊ." मी हो म्हटले खरे, पण पोटात गोळा आला होता.

२०२३ च्या दिवाळीनंतर दुकानातून दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या रेक्झिनच्या बॅगा आणल्या. बसवून देणाऱ्याने गाडीची साडीगार्डची जाळी काढून टाकली. "बॅगा नीट बसत नाहीत, वहिनी, आणि हल्ली ती शोभतही नाही," असे तो म्हणाला. मी गप्प राहिले. तेथेच चुकले.

सराव म्हणून वणीच्या गडावर गेलो. जाताना काही झाले नाही. परतताना नांदुरीच्या घाटात डाव्या वळणावर मागचे चाक एकदम आखडले, गाडी फरफटली आणि कडेच्या कठड्याला टेकली. माझा गुडघा फुटला, ह्यांचे कोपर सोलले. समोरून एस. टी. येत होती, चालकाने वेळेवर थांबवली म्हणून आज मी येथे उभी आहे. पाहतो तर डाव्या बॅगेच्या पट्ट्याचे मोकळे टोक चाकात शिरून आसाला गुंडाळले होते, आणि बॅग जाळीविना चाकाकडे ओढली गेली होती. उजवीकडची बॅग सायलेन्सरला टेकून वितळली होती. आत माझी नवी शाल होती, तिला बशीएवढे भोक.

घरी आल्यावर हे म्हणाले, "विसर आता परिक्रमा." मुलगा पुण्याहून फोनवर ओरडला. दोन दिवस घरात कोणी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मी त्या बॅगा अंगणात आणून गाडीवर टाकून पाहिल्या आणि माझ्या ध्यानात आले की, ह्यात न समजण्यासारखे काही नाही. ओझे बांधणे हे तर आपले जन्माचे काम. कोजागिरीला कावडी घेऊन गडावर पायी जाणारे भक्त तुम्ही पाहिले आहेत. कावडीचे एक भांडे जड झाले तर खांदा चालू देईल का? मोटारसायकलचेही तेच.

साडीगार्ड आधी परत बसवून घेतले. मुलाने मागून शोधून सांगितले की, १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. मागे बसणाराला धरायला मूठ, पाय ठेवायला पायटा आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून निम्म्याहून कमी नाही इतके चाक झाकणारे आच्छादन, एवढे गाडीला असलेच पाहिजे. म्हणजे ज्याला तो गृहस्थ शोभेची वस्तू समजला, ती कायद्याने आपल्या पदरासाठी ठेवलेली आहे!

मग अंबडच्या एका वेल्डिंगवाल्याकडून दोन्ही बाजूंना लोखंडी चौकट करून घेतली. बॅग चौकटीला टेकली पाहिजे. चाकाला, दिव्याला किंवा सायलेन्सरला नाही. आमचा सायलेन्सर उजवीकडे, म्हणून उजवी बॅग वीतभर उंच धरली आणि मधे पत्रा लावला. तिच्या खालच्या पट्ट्याला घरच्या मशीनवर शिवण घालायला गेले तर तीन सुया मोडल्या. अखेर चपला शिवणाऱ्या दादांनी आरीने पक्के टाके घालून दिले. पट्ट्याची उरलेली टोके गुंडाळून वरून नाडीने बांधायची, एक बोटभरही लोंबू द्यायचे नाही, हा माझा नियम. हुकाच्या रबरी दोऱ्या मी घरीच ठेवल्या. खड्ड्यात ताणल्या की हूक सुटतो.

रद्दीवाला वापरतो तसला ताणकाटा विकत घेतला. प्रत्येक बॅग सात किलो, एका बाजूला पावशेराचाही फरक नको. पंप, पाने, ट्यूब, डाळ-तांदूळ तळाशी आणि माझ्या पायाकडच्या अंगाला, कपडे वर. जड वस्तू मागच्या चाकाच्याही मागे गेली की पुढचे चाक हलके होते आणि हँडल थरथरते. हे मला ह्यांनी सांगितले, पण पटले ते गाडीवर बसून पाहिल्यावर. मागच्या शॉकअपची कडी दोन घरे कडक केली आणि गाडीच्या पुस्तकात दोघांसाठी दिली आहे तेवढी हवा भरली. मागचा लाल दिवा, वळणाचे दिवे आणि नंबर दिसतो ना, हे मी स्वतः वीस पावले मागे जाऊन पाहिले.

एक अडचण मात्र बायकांचीच. बॅगा लावल्यावर एका अंगाने बसता येत नाही. लग्नानंतर प्रथमच पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसले. ओढणी घरीच ठेवली. पहिल्या दिवशी गल्लीतून निघताना मान वर करवत नव्हती, हे कबूल करते. हेल्मेटमुळे कोणी ओळखले नाही, हे एक बरे!

२०२४ च्या जानेवारीत निघालो. राहुडच्या घाटाआधी चांदवडला थांबलो, तर पट्टे सैल झालेले. नवा पट्टा पहिल्या दिवशी सैल पडतोच. तेथे घट्ट केले, धुळ्याला पुन्हा. सेंधव्याच्या आधी बिजासनच्या घाटात मालट्रकांची रांग लागली होती. नांदुरी आठवून माझे हात ओलसर झाले, पण गाडी वळणावर गुमान वळत होती.

ओंकारेश्वरला संकल्प करून मैयाचे जल बाटलीत घेतले. ते ठेवायचे कोठे? पायाजवळच्या बॅगेत, पान्यांच्या शेजारी, मनाला पटेना. शेवटी टाकीवर बांधण्याच्या छोट्या पिशवीत ठेवले. हे गमतीने म्हणत, "तू मागे, मैया पुढे."

खरी फजिती अमरकंटकाच्या वाटेवर झाली. थंडी अशी की डाव्या बॅगेतले सगळे स्वेटर आमच्या अंगावर आले, आणि शिधा संपत आलेला होता तो उजव्या बॅगेतला. दोन्ही बॅगा वेगवेगळ्या मापाने हलक्या झाल्या आणि गाडी एका अंगाला ओढू लागली. ह्यांना वाटले, टायर गेला. मी ताणकाटा काढला: डावी साडेतीन, उजवी साडेपाच. धर्मशाळेच्या ओट्यावर सगळे सामान पसरून पुन्हा वाटणी केली. तेथल्या एका माताजींनी विचारले, "बेटी, दुकान लगाया है क्या?" त्या दिवसापासून रोज सकाळी चहाच्या आधी बॅगा तोलायच्या, असे ठरवून टाकले.

परत ओंकारेश्वरला येऊन जल अर्पण केले तेव्हा चौकटीचा एकही नट सैल नव्हता. मी तपासला होता. ह्यांनी तर आधी नमस्कार केला, मग माझ्याकडे पाहून विचारले, "गाडीचे बघितलेस ना?"

तो ताणकाटा आणि ती भोक पडलेली शाल आज बरोबर आणली आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाहायची असेल त्यांनी जरूर पाहावी. गाडी खाली उभी आहे. कोणाला पट्ट्याची गाठ शिकायची असेल तर मी दाखवीन.